घरास मोटारी किती?

वार्षिक अंकासाठी शिक्षकांनीही एखादा लेख द्यावा, असे संपादक-मंडळातील विद्यार्थ्यांनी सुचविले, तेव्हा विषय शोधावयास आम्हांस दूर जावे लागले नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी एकच प्रश्न रोज रात्री जेवणाच्या वेळी ताटाशेजारी येऊन बसत असे. घरात मोटारी दोन असाव्यात, की एकीवर भागवावे? असला विषय शाळेच्या अंकात शोभेल काय, अशी शंका एका सहकारी भगिनींनी बोलून दाखविली. शिक्षकांनी शिस्त, वाचनाचे महत्त्व, फार तर वर्षा ऋतू यांवर लिहावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. परंतु शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर मोटारींची जी रांग लागते, ती पाहता हा विषय विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या घरच्या मंडळींना परका वाटण्याचे कारण नाही.

आपला गोवा तो केवढा! क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या 14 लाख 58 हजार. तथापि 2019-21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात येथील दर 100 घरांपैकी 45 घरांत मोटार आढळली. देशातील दुसऱ्या कोणत्याही राज्यात हे प्रमाण इतके नव्हते. याला केवळ डौल म्हणून हिणविणारे लोक आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही. आपली गावे वाड्यावाड्यांनी विखुरलेली. मध्ये डोंगर, कुळागरे आणि खाड्या. बस धावते ती हमरस्त्याने, आणि घर असते आत मैल-दीड मैलावर. 1980 साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले, खाजगी बसगाड्याही पुष्कळ आहेत, परंतु दोहोंचा ओढा जेथे उतारू दाटीने मिळतात तिकडे. सायंकाळी आठनंतर आमच्या वाड्याच्या बाजूस जाणारी बस मिळणे हा दैवयोगच समजावा लागतो. अशा मुलखात घरात एक मोटार असावी, हे समजण्यासारखे आहे. दुसरीचे समर्थन मात्र इतक्या सहजासहजी होत नाही, आणि आमच्या घरी वाद होता तो दुसरीचाच.

आमचे घर फोंड्यापासून सहा किलोमीटरांवर. घरात सासूबाई, आमचे यजमान, आम्ही, आणि सहावीत शिकणारी मुलगी. यजमान पणजीस नोकरीला. त्यांच्याकडे मोठी मोटार. धाकटी, जुनी मोटार आमच्याकडे. ती 2010 साली घेतलेली. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती चालवावयाची तर तपासणी करून घेऊन नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. गेल्या वर्षी ही मुदत भरत आली. गाडीच्या तळाला गंज चढलेला, आसनांना दर पावसाळ्यात बुरशी, आणि एकदा तर उंदरांनी तारा कुरतडून ठेवलेल्या. तेव्हा जुनी विकून नवी घ्यावी, की मुळीच घेऊ नये, असा पेच उभा राहिला.

वाद तोंडी चालला म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची गरज मोठी ठरते, हा शिक्षकाचा रोजचा अनुभव. म्हणून आम्ही एक वही केली. सप्टेंबर 2025 च्या तीस दिवसांत कोणती गाडी केव्हा बाहेर पडली, कोणासाठी आणि कशासाठी, हे त्या त्या रात्री लिहून ठेवावयाचे. यजमान प्रथम हसले. पुढे त्यांचीच नोंद राहिली की ते स्वतः वही मागून घेऊ लागले.

महिना संपल्यावर बेरीज केली. दोन्ही मोटारी एकाच वेळी बाहेर होत्या असे 19 दिवस निघाले. आकडा पाहून दुसरी गाडी अपरिहार्य आहे असे वाटले, आणि खरे सांगावयाचे तर मनातून बरेही वाटले, कारण ती गाडी आमची होती. परंतु एकेक नोंद उलगडून पाहता चित्र पालटले. त्यांपैकी 11 दिवस आम्ही केवळ शाळेत जाऊन परत आलो होतो. सव्वासातची बस आमच्या तिठ्यावरून जाते आणि ती बहुधा वेळेवर असते. पंधरा मिनिटे आधी उठण्याचा आळस, एवढेच त्या 11 दिवसांचे कारण. 4 दिवस मुलीला गायनाच्या वर्गास सोडले, आणि तो वर्ग घरापासून दीड किलोमीटर! उरले 4 दिवस. दोनदा शाळेच्या क्रीडास्पर्धांचे सामान न्यावयाचे होते, एकदा सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, एकदा नात्यातल्या बारशाला. खरी अडचण ती या चार दिवसांची.

मग खर्चाकडे वळलो. नवी लहान मोटार घेतली तर महिन्याचा हप्ता 11,000 रुपये, म्हणजे वर्षाचे 1,32,000. विमा व देखभाल मिळून 24,000 धरले. एकूण 1,56,000. महिन्यास चार याप्रमाणे वर्षाचे 48 खरे प्रसंग. प्रत्येक प्रसंगास 3,250 रुपये, पेट्रोल निराळे! गावातला रिक्षावाला अर्धा दिवस दाराशी उभा केला, तरी इतके घेत नाही. गणिताचे शिक्षक या लेखास किती गुण देतील ते देवो जाणे, पण हा भागाकार आम्ही तीनदा पडताळून पाहिला आहे.

दुसऱ्या मोटारीच्या बाजूने जो युक्तिवाद घरोघर ऐकू येतो, तो पैशांचा नसून भीतीचा असतो. रात्री-अपरात्री कोणास काही झाले तर? आम्हीही वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. वही समोर घेऊन बसलो तेव्हा मात्र ध्यानात आले, की रात्री तर दोन्ही गाड्या अंगणात एकमेकींस खेटून उभ्या असतात, आणि रुग्णास न्यावयास एकच लागते. भीती बाळगावी ती दिवसाची. त्या वेळी शेजारीपाजारी जागे असतात, रिक्षा मिळते, आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका तर रात्रंदिवस आहे.

इथवर हिशोब सरळ होता. तो बिघडविला आमच्या मुलीने. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वही चाळता चाळता तिने सहज विचारले, "यात आजीचे नाव कुठेच कसे नाही?" सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांना मोटार चालविता येत नाही, आणि गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही वहीत एक निराळे सदर आखले, 'न झालेले प्रवास'. त्यांना विचारावयास गेलो तर म्हणाल्या, "म्हजें कितें बरयता गो?" मोठ्या मिनतवारीने त्यांनी सांगितले ते असे. दर सोमवारी मंगेशीस पालखीला जावे असे त्यांना वाटते. सप्टेंबरात पाच सोमवार आले, त्या एकदाही गेल्या नव्हत्या. कुंडईस त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून आहे. तिला भेटण्याचे दोनदा ठरले आणि दोनदा राहिले. म्हणजे अंगणात दोन मोटारी असताना सात प्रवास घडलेच नाहीत! पहिल्या आठवड्यातील सोमवार आम्ही मागाहून भरून घेतला, कारण तोपर्यंत तसे सदर असावे हे आम्हांस सुचलेच नव्हते.

ही गोष्ट आमच्या मनास फार लागली. गाड्या दोन होत्या, परंतु एक यजमानांची होती आणि एक आमची होती. घराची अशी एकही नव्हती. तीन असत्या तरी सासूबाई घरीच राहिल्या असत्या. घरास मोटारी किती, हे विचारण्याआधी घरच्या मोटारीवर हक्क कोणाचा, हे विचारले पाहिजे, असे आमचे मत या वहीने बनविले आहे.

आणि येथे आमच्या भगिनीवर्गास एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. 'एकीवर भागवू' असा निर्णय झाला, की विकली जाते ती बहुधा बायकोच्या हातातली गाडी, आणि उरते ती नवऱ्याची. आमच्या घरीही यजमानांनी "एक पुरे" असे चटकन म्हटले. त्यावर आम्ही विचारले, "उरलेली कोणाची?" ताट उचलून ते धुऊन ठेवीपर्यंत त्यांनी उत्तर दिले नाही. पंधरा वर्षांपूर्वी ती जुनी गाडी आमच्या हाती आली, तेव्हा बाजारास, माहेरी, शिक्षकांच्या सभेस कोणाची मर्जी न पाहता जाता येऊ लागले. ते स्वातंत्र्य काटकसरीच्या नावाखाली परत द्यावे, हे आम्हांस मान्य नव्हते. आजही नाही.

शेवटी जे ठरले ते असे. नोव्हेंबरात जुनी मोटार विकली. उरलेल्या मोटारीची किल्ली यजमानांच्या खिशातून निघून स्वयंपाकघराच्या दाराजवळील खिळ्यावर आली. रविवारी रात्री सगळ्यांनी बसून आठवडा आखावयाचा. ज्याला चालविता येत नाही आणि बसनेही जाता येत नाही, त्याचे काम आधी लिहावयाचे. मग ज्याच्या वाटेवर बस नाही, त्याचे. ज्याला बस मिळते, तो सर्वांत शेवटी. हा नियम यजमानांनीच सुचविला, आणि त्यात पहिला बळी त्यांचाच गेला, कारण फोंड्याहून पणजीस जाणाऱ्या बसगाड्यांना तोटा नाही! आता आठवड्यातून तीन दिवस ते बसने जातात. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही सासूबाईंना मंगेशीस नेतो.

हे सारे गोड झाले असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. यजमानांचे येण्याजाण्यात रोज पाऊणएक तास अधिक मोडतात. जानेवारीत एका संध्याकाळी ते तासभर बसची वाट पाहत उभे राहिले, घरी आले आणि न बोलता निजले. डिसेंबरात सत्तरीतील आमच्या एका वृद्ध मामांचे निधन झाले. निरोप आला तेव्हा मोटार पणजीस होती. बस बदलीत आम्ही पोहोचलो, तोवर अग्नी दिलेला होता. दुसरी मोटार असती तर मामांचे अखेरचे दर्शन घडले असते. वहीत त्या दिवसाची नोंद आहे, आणि ती 3,250 रुपयांच्या भागाकारात कोठे बसवावी, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.

सर्वांनीच एकीवर भागवावे, असा आमचा आग्रह नाही. पती-पत्नी दोघेही पाळीने, रात्रीबेरात्री कामावर जात असतील, घरात नेहमी रुग्णालयात न्यावे लागणारे कोणी असेल, किंवा वाडा हमरस्त्यापासून फारच आत असेल, तर तेथील वही वेगळे उत्तर देईल. वही मात्र ठेवावी, आणि तीत न झालेल्या प्रवासांचे सदर अवश्य असावे. दुसरी गाडी मुलांसाठी हवी, असे जे पालक सांगतात, त्यांनी दीड किलोमीटरचा गायनाचा वर्ग आठवावा. आमची मुलगी आता शेजारच्या दोन मुलींसह पायी जाते, आणि वाटेत तालाची उजळणी होते असा तिचा दावा आहे. याच ओघात आमच्या वरच्या वर्गातील मुलांसाठी एक शब्द. घरात एक गाडी रिकामी उभी दिसली, की तिची किल्ली फिरवून पाहण्याचा मोह होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाच्या हाती असे वाहन गेल्यास पालकास 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तुमच्या हौसेपायी वडिलांस तुरुंग, हे काही बरे दिसत नाही.

खरी परीक्षा जूनमध्ये आहे. आमच्या तिठ्यावरील बसथांब्यास छप्पर नाही, आणि मृगाच्या सरी छत्रीस जुमानीत नाहीत. यजमानांनी आताच सांगून ठेवले आहे, की पावसाळ्यात नियमाचा फेरविचार व्हावा. आम्हीही तो नाकारलेला नाही. मात्र जुनी गाडी जेथे उभी असे, ती अंगणातील सर्वांत उन्हाची जागा. तेथे येत्या मे महिन्यात सोलां वाळत घालावयाचे सासूबाईंनी ठरविले आहे. तेव्हा दुसरी मोटार घेतलीच, तर ती उभी कोठे करावयाची, हे आता त्यांनाच विचारावे लागेल.