आधी काळूकाठ

हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर पडलेला पाऊस तीन वाटांनी उतरतो. मंगळगंगेचं पाणी मुळेतून गोदावरीला जातं. पुष्पावतीचं पिंपळगाव जोगे धरणातून कुकडी, घोड, भीमा करत कृष्णेला. दोघींनाही बंगालचा उपसागर गाठायला सारा मुलूख ओलांडावा लागतो. माळशेजच्या अंगाने मुरबाड तालुक्यात कोसळणाऱ्या पाण्याची होते काळू, आणि तिची धाव आखूड. टिटवाळ्याच्या आसपास भातसा तिला मिळते, कल्याणजवळ ती उल्हासला मिळते, पुढे वसईची खाडी.

मुरबाडच्या उन्हाळी टंचाईचं मूळ या आखूड, उभ्या उतारात आहे. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. चार महिने धो धो कोसळलेलं पाणी मुरतं थोडं, निघून जातं फार. शिमगा उलटला की वरच्या अंगाला पात्रात धोंडे उरतात आणि मधूनमधून एखादा डोह. तोही आटला की बायका डवरे खणतात, झिरपलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात.

शासनाला ही नदी आठवली ती महानगराच्या तहानेसाठी. काळू धरणाचं काम २०११ मध्ये वनसंरक्षण कायद्याखालच्या मंजुरीवाचूनच सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवलं. सुमारे एक हजार हेक्टर वनजमिनीचा प्रश्न होता, आणि त्या जंगलावर जगणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांचा. शहराला पाणी लागतं, हे कुणीच नाकारत नाही. पण शेजारचं शहापूर मुरबाडकरांच्या डोळ्यांसमोर आहे. तिथल्या तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. आज मुंबईची जवळपास निम्मी तहान तिथलंच भातसा धरण भागवतं. आणि त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. हे पाहिलेल्या माणसांनी कोणत्या भरवशावर जमीन सोडायची?

काळूचं नियोजन माथ्यापासून व्हायला हवं. ओहोळांवर छोटे बंधारे, डोहांतला गाळ उपसणं, काठावरच्या प्रत्येक पाड्याला बारमाही नळ; हे सगळं लेखी, निधीसह आणि आधी. उरलेल्या पाण्याचं बोलणं शहराने त्यानंतर काठच्या ग्रामसभांत येऊन करावं.