प्रवासात कप आपलाच बरा

दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला जाताना आपल्या वस्तीतली कुटुंबं रेल्वेने लांबचा प्रवास करतात. मुंबई ते नागपूर अंतर आठशे किलोमीटरहून जास्त. तेवढ्यात माणशी चार-पाच चहा सहज होतात, तेही कागदी कपातून. आमचं म्हणणं एवढंच, की भाकरी-चटणीच्या पिशवीत घरचा रोजचा कपही टाकावा.

कागदी कप नुसत्या कागदाचा नसतो. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूर आयआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की अशा कपात गरम पाणी पंधरा मिनिटं राहिलं तर १०० मिलिलिटरमध्ये प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. टाळता येण्यासारखी गोष्ट पोटात का घालायची?

पण घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, "आपला कप वेगळा? पुन्हा?" त्यांचं दुखणं खरं आहे. हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी असायची, ती आपणच विसळून ठेवायची, हे त्यांनी भोगलं आहे. १९०१ मध्ये लहानगे बाबासाहेब मसूर स्टेशनवर उतरून पुढे निघाले, तेव्हा जवळ जेवण असूनही वाटेत कुणी पाणी दिलं नाही. त्याच बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. हा इतिहास मुलांना सांगायलाच हवा.

तरीही आम्हाला वाटतं, दोन्ही कप सारखे नाहीत. तो कप आपल्यावर लादला होता. हा आपण तब्येतीसाठी निवडतो. मात्र आपल्या कपाचं सोवळं होऊ देऊ नका. शेजारच्या प्रवाशाला लागला तर धुऊन खुशाल द्या.

कप शक्यतो स्टीलचा, कान असलेला घ्या. आवडीचा चिनी मातीचा असेल तर टॉवेलात गुंडाळा. तडा गेलेला नको, फटीत घाण राहते. डब्यातल्या बेसिनचं पाणी पिण्याचं नसतं, म्हणून कप बाटलीतल्या पाण्याने विसळा आणि स्वच्छ फडक्याने पुसा. गाडीतला चहा बहुतेक साखर घालूनच येतो. मधुमेह असलेल्यांनी बिनसाखरेचा मागावा. नाही मिळाला तर तो चहा सोडावा.

यंदा नागपूरला निघताना घरटी निदान दोन कप पिशवीत असू द्या. जयभीम.