बिनगॅसचे वेल्डिंग घरी करताना

फाटकाची वरची बिजागरी तुटली तेव्हा ईद आठ दिवसांवर आली होती. वेल्डिंगवाल्याकडे कामांची रांग. "ईदनंतर बघू," तो म्हणाला. मग काय, आम्ही फाटक दोरीने बांधले आणि ईदला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दोरी सोडून आत घेतले. सगळे गेल्यावर अम्मी म्हणाली, "घरात तुम्ही दोघे भाऊ, आणि एवढंसं लोखंड जोडता येत नाही?"

समुद्रकाठच्या गावात खारा वारा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. आज खिडकीची जाळी, उद्या खाटेचा पाय, परवा नळाजवळचा स्टँड. म्हणून आम्ही एक स्वस्तातले फ्लक्स-कोअर मशीन घेतले. त्यातून जे शिकलो, आणि जिथे फसलो, ते या वेळी सांगतो.

आपला नेहमीचा वेल्डिंगवाला रॉड वापरतो. या मशीनमध्ये रॉडऐवजी तारेचे रीळ असते आणि गनचा खटका दाबला की तार आपोआप पुढे येते. तार आतून पोकळ असून तिच्यात फ्लक्सची पूड भरलेली असते. ती जळून धूर आणि खपली तयार होते व वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवते. त्यामुळे गॅसचे सिलिंडर लागत नाही आणि अंगणात वारा असला तरी काम होते. मात्र ठिणग्या आणि धूर भरपूर.

आधी एक खरी गोष्ट. वर्षातून एखादेच काम असेल तर रॉडचे साधे इन्व्हर्टर मशीन स्वस्त पडते, आणि रॉडही तारेपेक्षा स्वस्त. पण नवशिक्याला चौकोनी पाइपवर रॉड धरणे जड जाते, तो चिकटतो. तिथे तार सोपी.

घेताना चार गोष्टी पाहा. घरच्या 230 व्होल्टवर चालणारे 120 ते 140 अँपिअरचे मशीन घरकामाला पुरे. ते 16 अँपिअरच्या सॉकेटवर लावा आणि घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. दुसरे, ड्यूटी सायकल. 20 टक्के लिहिले असेल तर त्या करंटवर दहा मिनिटांत दोन मिनिटे काम, आठ मिनिटे विश्रांती. तिसरे, तार ढकलणारे चाक दातेरी हवे. गुळगुळीत चाकावर पोकळ तार घसरते, आणि चाक जास्त आवळले तर ती चेपते. चौथे, जोडण्यांची अदलाबदल करता येते का ते विचारा.

या चौथ्या गोष्टीनेच आम्हाला फसवले. बिनगॅसच्या तारेला गन ऋण टोकाला आणि जमिनीचा क्लॅम्प धन टोकाला लागतो. गॅसवरच्या भरीव तारेला याच्या उलट. आमचे मशीन गॅसच्या जोडणीत आले होते. आम्ही पुस्तिका न वाचता उत्साहात बाकड्याची चौकट जोडली. ठिणग्यांचा पाऊस पडला, पण ग्राइंडर फिरवून रेड ऑक्साइड मारल्यावर जोड छान दिसू लागला. भावाने हातोड्याचा एक घाव घातला आणि पाय निखळून पडला. आत पाहिले तर पाइपावर गंज आणि रंग तसाच होता. वितळलेले लोखंड वरवर बसले होते, आत शिरलेच नव्हते. त्या बाकड्यावर रोज अम्मी बसणार होती.

तेव्हापासून आमचा नियम झाला. कामाला हात लावण्याआधी त्याच जाडीचे दोन तुकडे काटकोनात एका बाजूने जोडायचे, शिकंज्यात धरायचे आणि हातोड्याने वाकवून तोडायचे. जोड तुटला तरी लोखंड एकजीव झालेले दिसले पाहिजे. नुसताच सुटून आला तर करंट वाढवा, हात सावकाश चालवा.

हाताची पद्धत अशी: रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड दिसू द्या, क्लॅम्प त्या साफ जागीच लावा. आधी गुण्या लावून चारही कोपऱ्यांना टाके घ्या, नाहीतर उष्णतेने चौकट वाकते. तार गनच्या तोंडाबाहेर साधारण दीड सेंटिमीटर ठेवा. गन किंचित तिरकी धरून आपल्या दिशेने ओढा, ढकलू नका. खपली ठोकून ब्रशने साफ केल्याशिवाय दुसरा थर घालू नका. 16 गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पाइप शिकायला बरा. त्याहून पातळ पत्र्याला लगेच भोक पडते.

आता घरच्यांसाठी. वेल्डिंगचा उजेड थोडा वेळ जरी डोळ्यांत गेला तरी काही तासांनी वाळू गेल्यासारखे डोळे खुपतात, पाणी वाहते. म्हणून 10 नंबरच्या काचेचे हेल्मेट हवेच. मुलांना हा उजेड ओढून घेतो, त्यांना अंगणातून आत पाठवा. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, कातडी हातमोजे, बंद बूट घाला. नायलॉनचा कपडा वितळून अंगाला चिकटतो. काम उघड्यावर करा. गॅल्व्हनाइज्ड पाइपाच्या जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो, त्यामुळे जोडाजवळचा तो थर आधी घासून काढा, शक्यतो तो पाइपच टाळा. पेट्रोलची टाकी, तेलाचा बंद डबा यांना कधीच हात लावू नका. रिकामे असले तरी ते फुटू शकतात. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. भुश्यात किंवा सुक्या पाल्यात पडलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

बिजागरी आता आमच्या हातची आहे आणि फाटक नीट लागते. त्यानंतर भावाने माडीच्या गॅलरीचा कठडा काढायचे ठरवले. तिथे भाचरे रेलून रस्ता बघत असतात. आम्ही दोघे बराच वेळ त्या कठड्याकडे पाहत उभे राहिलो आणि शेवटी जुन्या वेल्डिंगवाल्यालाच बोलावले. फाटक पडले तर परत उभे करता येते. ज्या जोडावर कुणाचा जीव टेकणार आहे, म्हणजे कठडा, जिना, झोपाळ्याचा हूक, गाडीची चासी, तो जाणत्या हाताचाच असावा. त्यासाठी चार दिवस थांबावे लागले तरी चालेल. दोरी बांधून ईद करायची आम्हाला सवय आहेच.