सबवूफर आणि शेजाऱ्याची भिंत

सबवूफर ही वस्तू आपल्याकडे बदनाम आहे आणि ही बदनामी तिच्या मालकांनी कमावून दिलेली आहे. शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येते ती मागच्या काचा थरथरणारी गाडी, नाहीतर लग्नघरापुढे रचलेली डीजेची भिंत. त्यामुळे एखाद्या शिक्षकाने "मला घरी गाणं ऐकायला सबवूफर हवा" असं म्हटलं की समोरचा जरा चमकून बघतो. मी मात्र या यंत्राच्या बाजूचा आहे. नीट निवडलेला आणि नीट लावलेला सबवूफर आवाज वाढवत नाही, गाण्याचा खालचा मजला परत आणून देतो. तो चालू असताना "सबवूफर वाजतोय" हे कळू नये, बंद केल्यावर मात्र काहीतरी हरवल्यासारखं वाटावं. आणि ही परीक्षा आपल्या खोलीत संपत नाही, ती भिंतीपलीकडे होते.

आपल्या कोकणी मुस्लिम घरांत या आवडीची मुळं जुनी आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कुवेत, दुबई, सौदीहून सुटीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात टू-इन-वन असायचाच. घोंगडीत गुंडाळलेला, खोक्यावर मार्करने नाव-गाव लिहिलेला. पेणच्या आळ्यांत काय किंवा रोह्याच्या मोहल्ल्यात काय, ज्या घरात तो वाजायचा त्या ओटीवर संध्याकाळी माणसं जमत. सौदीत बरीच वर्षं घरगुती वीज १२७ व्होल्टची होती, म्हणून तिथून आलेल्या यंत्रांसाठी इथे वेगळा ट्रान्सफॉर्मर शोधावा लागे. त्या यंत्रांवर 'लाउडनेस' किंवा 'एक्स्ट्रा बास' अशी एक कळ असायची आणि ती कायम दाबलेलीच असायची. ती कशासाठी आहे हे कोणी विचारत नसे. दाबली की आवाज 'भारी' होतो एवढं पुरे होतं. त्या कळीकडे शेवटी पुन्हा येऊ.

उर्दूत आवाजाच्या चढउताराला जेर-ओ-बम म्हणतात. फारसी संगीतात 'बम' म्हणजे वाद्याची सर्वांत जाड आवाजाची तार आणि 'जेर' म्हणजे सर्वांत बारीक आवाजाची. गंमत अशी की 'जेर'चा शब्दशः अर्थ 'खाली'. मराठीत आपण एखाद्याला 'जेरीस आणतो' ते याच शब्दावरून. आज रस्त्यावर बमच माणसाला जेरीस आणतो, हा आपल्या काळाचा विनोद. मराठीत या बमसाठी खर्ज, घुमारा, धमक असे तीन शब्द आहेत आणि तिन्हींत फरक आहे. खर्ज हा सूर आहे. घुमारा म्हणजे सूर संपल्यावरही राहणारी गुंज. धमक मात्र सूर नाहीच, तो नुसता धक्का. सबवूफरकडून खर्ज घ्यायचा असतो. बहुतेक घरांत तो धमकीवर आणून ठेवलेला असतो.

विकत घेण्याआधी स्वतःला विचारा, आपण ऐकतो काय? तिलावत, नात, बयान, बातम्या हेच ऐकत असाल तर सबवूफर घेऊच नका. पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण १०० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. त्याच्या खाली ध्वनिमुद्रणात असते ती माइकवर आदळलेली हवा आणि पंख्याची घरघर. ती वाढवून कारीच्या आवाजाचं काही भलं होत नाही. जुन्या तबकड्यांचंही तेच. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांचं गाणं ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं. त्यात खालचा मजला उतरलेलाच नाही, मग सबवूफर दाखवणार कुठून? तबकडीच्या यंत्राची घरघर तेवढी मोठी होऊन येते.

पण तबला ऐकत असाल तर गोष्ट वेगळी. डग्ग्याचा मूळ सूर १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. उस्ताद झाकीर हुसेन तळहाताच्या दाबाने डग्ग्याचा सूर ओढून वर नेत, ती मींड लहान स्पीकरवर अर्धीच ऐकू येते. 'घे' ऐकू येतो, त्याचा प्रवास ऐकू येत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच दाखवलं होतं की मृदंग आणि तबला ही जगातल्या इतर ढोलांसारखी बेसूर वाद्यं नाहीत. मध्यावरच्या शाईमुळे त्यांची कंपनं सुरेल नात्यात बसतात. ज्या वाद्याला सूर आहे त्याचा पायाच कापून ऐकणं म्हणजे मतला गाळून गझल वाचण्यासारखं. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६५ ते ७० हर्ट्झच्या घरात असते. मोबाइलच्या स्पीकरला हा प्रदेश माहीतच नाही. कव्वालीतल्या ढोलकचंही तसंच: टाळ्या सगळीकडे ऐकू येतात, ढोलकचं पोट येत नाही.

आता दुकान. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'पीएमपीओ' असं लिहून पुढे हजारांतला वॅटचा आकडा असेल तर त्याकडे पाहूच नका. या मापाला कोणतंही एकसारखं प्रमाण नाही, छापणारा हवा तो आकडा छापू शकतो. विचारायचं ते आरएमएस वॅट, आणि स्पीकर खाली किती हर्ट्झपर्यंत जातो ते, किती डेसिबलच्या घटीसह जातो यासकट. दुकानदार उत्तर देऊ शकला नाही तर तेही एक उत्तरच आहे. दहा-बारा फुटांच्या खोलीला आठ किंवा दहा इंची वूफर पुरतो. पेटी बंद घ्यावी की भोकाची, यावर लोक तासन् तास भांडतात. भोकाची पेटी एका विशिष्ट पट्ट्यात जास्त जोर देते आणि त्याखाली झपाट्याने कोसळते. बंद पेटी हळूहळू उतरते. लहान खोलीसाठी, तबला-तंबोरा ऐकणाऱ्यासाठी, माझं मत बंद पेटीला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोबतचे स्पीकर. पाच छोट्या डब्या आणि एक सबवूफर असा जो संच मिळतो, त्यातल्या डब्या बहुधा तीन इंची किंवा त्याहून लहान असतात. त्या दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली दम सोडतात. मग तेवढं सगळं काम सबवूफरवर येतं, आणि गायक समोर उभा असताना त्याच्या छातीचा आवाज टेबलाखालून येतो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय हे कानाला सहसा कळत नाही. त्याच्या वर जाऊ लागलं की कळायला लागतं. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी पाच इंची वूफर असलेले दोन चांगले स्पीकर घ्या. सबवूफर वर्षभराने आला तरी चालेल, कदाचित त्याची गरज वाटणारही नाही.

यंत्र घरी आलं की लोक ते मोकळ्या कोपऱ्यात ढकलतात. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येतो हे खरं, पण सर्वांत ओबडधोबडही तिथेच येतो. कारण यंत्रात नाही, खोलीत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो, म्हणजे ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी भरते साडेआठ मीटर, सुमारे २८ फूट. आपल्या खोलीत ती मावतच नाही. ती समोरासमोरच्या भिंतींत अडकते आणि काही सूर फुगतात, काही गायब होतात. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो, दहा फुटांच्या खोलीत ५६-५७चा. खोली दहा बाय दहा आणि छतही जवळपास तेवढंच उंच असेल तर तिन्ही बाजूंचे फुगवटे एकाच सुरावर येऊन बसतात. पेण-रोह्यात आता ज्या इमारती उभ्या राहताहेत त्यांतल्या बऱ्याच बेडरूम अशाच. तिथे डग्ग्याचा एक ठोका तोफेसारखा येतो आणि दुसरा येतच नाही. जुन्या कौलारू, जांभ्याच्या घरात हा त्रास कमी, कारण खालचा आवाज कौलांतून निघून जातो. कुठे जातो? शेजारी.

जागा शोधायची जुनी आणि फुकट युक्ती आहे. सबवूफर उचलून आपण जिथे बसून ऐकतो त्या खुर्चीवर ठेवा. खालचे सूर पायरीपायरीने चढत-उतरत असतील अशी एखादी चीज लावा आणि स्वतः गुडघ्यांवर भिंतीकडेने फिरा, कान जमिनीजवळ. जिथे सगळे सूर सारख्या वजनाचे ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवायचा आणि आपण परत खुर्चीत. घरचे हसतील, हसू द्या. एवढी करामत पाच हजारांच्या तारेनेही होत नाही. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला कोणी देईल, त्याला चहा पाजून परत पाठवा. ट्रे, पडदे, गाद्या वरचे सूर थोडे शोषतात. ४० हर्ट्झच्या लाटेला अंगात मुरवायचं तर कापसाचा थर सात फुटांच्या आसपास लागेल.

मग बटणं. क्रॉसओव्हर ८०वर ठेवून सुरुवात करा. फेजची कळ ० आणि १८०, दोन्हीकडे करून बघा आणि ज्या स्थितीत डग्गा जास्त भरीव येतो ती ठेवा. आवाज तो 'ऐकू येतोय' असं वाटेपर्यंत वाढवा आणि मग तिथून थोडा मागे या. नेमकं हे मागे येणंच लोकांना जमत नाही. पैसे दिलेत तर दिसायला हवं, हा हिशेब. आपल्या पावसाचंही एक सांगून ठेवतो: पेटी बहुधा दाबलेल्या भुश्शाच्या फळीची असते, ती ओल पिऊन फुगते. जमिनीपासून वर ठेवा, बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, आणि वूफरची कड फोमची असेल तर रबराची मागा. दमट हवेत फोम लवकर झडतो.

आता भिंतीपलीकडे. भिंत वरचे सूर चांगले अडवते; आवाजाची वारंवारता निम्मी झाली की तिची अडवण्याची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. म्हणून शेजाऱ्याला आपलं गाणं कधीच ऐकू येत नाही, त्याला फक्त बम ऐकू येतो. त्याच्या वाट्याला ना शब्द येतो ना सूर, नुसती धमक. कुंडलिकेच्या एका काठावर रोहा, दुसऱ्यावर अष्टमी. मिरवणूक एकीकडे असली तर दुसरीकडे गाणं कोणतं हे ओळखता येत नाही, ठोका मात्र छातीत पोहोचतो. घरातला सबवूफर हेच छोट्या मापात करतो.

कायदा यावर काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. खाजगी यंत्राचा आवाज आपल्या हद्दीच्या कडेला या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा असंही त्यात आहे. म्हणजे दिवसा ६०. पण हे माप 'ए' पद्धतीचं आहे. मीटर खालच्या सुरांना मुद्दाम कमी मोजतो, कारण हलक्या आवाजात माणसाचा कानही ते कमी ऐकतो. ५० हर्ट्झवर ही सूट सुमारे ३० डेसिबलची. हद्दीवर ५० हर्ट्झचा ९० डेसिबलचा घुमारा असला तरी मीटर दाखवणार ६०, म्हणजे कायद्यात बसला! भांडी हलताहेत, आजारी माणूस कूस बदलतोय आणि आकडा मात्र निर्दोष.

म्हणून "आमचा आवाज मर्यादेत आहे" हे उत्तर सबवूफरवाल्याने देऊ नये. या यंत्रापुरती कायद्याची रेघ फार वर आखलेली आहे; शेजाऱ्याच्या हक्काची रेघ तिच्या बरीच खाली. आपल्याकडे हुकूकुल इबादवर बयान भरपूर होतात. लुकमानांनी मुलाला केलेल्या नसीहतीत आवाज खाली ठेवण्याची गोष्ट आहे, तीही सगळ्यांना पाठ असते. आणि तेच आपण मिलादच्या जुलूसमध्ये डीजे लावतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेबद्दल बोलण्याचा अधिकार मला आहे असं मी मानतो, पण तो जुलूसमधल्या डीजेबद्दल आधी बोलल्यावर. दोन्हींकडे वाजणाऱ्या पेट्या बहुधा एकाच भाडेवाल्याच्या असतात, हा सलोखा मला नको आहे.

घरातला उपाय मात्र कठीण नाही. सबवूफर लावला त्याच दिवशी शेजारच्या घरी जा आणि आपलं गाणं तिकडून ऐका. भाभींना, आजोबांना विचारा, कुठल्या खोलीत जास्त येतं. सामाईक भिंतीला टेकवलेली पेटी समोरच्या भिंतीकडे नेली तर फरक पडतो. खाली कोणी राहत असेल तर पेटीखाली जाड रबर घाला, निदान लादीतून जाणारा हादरा कमी होईल.

आणि रात्री? इथे ती जुनी कळ आठवा. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे सूर वरच्या सुरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. 'लाउडनेस'ची कळ त्यासाठीच होती: हळू आवाजात ऐकताना खर्ज थोडा भरून काढायचा. आपण ती मोठ्या आवाजातही दाबून ठेवली. रात्री आवाज कमी केला की खर्ज गेला असं वाटतं आणि हात सबवूफरच्या बटणाकडे जातो, नेमका शेजारी झोपलेला असताना. माझ्याकडे दहानंतर सबवूफरचा स्विच भिंतीवरच बंद होतो आणि हेडफोन निघतो. त्यात तंबोऱ्याची खर्जाची तार पूर्ण ऐकू येते, आणि पलीकडच्या घरात फक्त पंखा.