पडद्यावरील गांव व पायांखालील गांव

आवडत्या चित्रकथेंतील स्थळें प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची हौस हल्लीं लहानथोरांस सारखीच लागली आहे. "पडद्यावर पाहिलें तेंच पुनः पाहण्यासाठीं पेट्रोल कशाला जाळावें?" असें म्हणून कित्येक वडील मंडळी या हौसेचा उपहास करितात. आमच्या मतें ती निंद्य नाहीं. परंतु अपुरी आहे. अपुरी कशी, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही कांहीं सोबती पालघरहून मोटारीनें उमरगांवास निघालों. रामानंद सागर यांची 'रामायण' ही चित्रमालिका उमरगांवीं चित्रित झाली. तें स्थळ पाहावें, हा हेतु. ही मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारीं सकाळीं दाखविली गेली. २०२० च्या टाळेबंदींत ती पुनः लागली, तेव्हां आम्हीं ती घरच्या मंडळींबरोबर पाहिली होती. वाट दाखविण्यास एका सोबत्याचे आजोबा पुढें बसले होते.

बोईसरचे कारखाने मागें टाकून तारापूरच्या बाजूस वळलों, तोंच आजोबांनीं मोटार थांबविण्यास सांगितलें. दूरवर अणुविद्युत् केंद्राच्या इमारती दिसत होत्या. भारतांतील हें पहिलें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें, एवढें आम्हांस पाठ्यपुस्तकावरून ठाऊक होतें. आजोबा म्हणाले, "बाळांनो, त्या कुंपणाच्या बाजूला आमचं पोफरण. आमच्या अंगणातून समुद्राचा आवाज यायचा." पुढें तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीच्या वेळीं पोफरण व अक्करपट्टी येथील कुटुंबांस आपलीं घरें सोडून नव्या वसाहतींत जावें लागलें. आजोबा तिकडे पाहत घटकाभर उभे राहिले. आम्ही मात्र उशीर होईल म्हणून घड्याळाकडे पाहत होतों! हें लिहितांना आज आम्हांस लाज वाटते.

चिंचणी, वरोर, डहाणू, बोर्डी हीं गांवें मागें टाकीत, झाईपाशीं महाराष्ट्राची हद्द ओलांडून आम्ही उमरगांवीं पोहोंचलों. समुद्रकाठीं उभे राहून आम्ही अयोध्या शोधूं लागलों, लंका शोधूं लागलों. पुढें होता तो ओहोटीनें उघडा पडलेला किनारा, कांहीं होड्या आणि वाळत घातलेलीं जाळीं. पडद्यावरचे राजवाडे काम संपतांच मोडावयाचेच असतात, हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें. आमचा विरस झाला. तेव्हां आजोबांनीं सहज सांगितलें कीं, १ मे १९६० पूर्वीं हा उमरगांव तालुका आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होता. ज्या गांवास आम्ही अयोध्या म्हणून ओळखत होतों, त्याची ही साधी ओळखहि आम्हांस नव्हती.

येथेंच आमचें म्हणणें आहे. चित्रपट गांवास कीर्ति देतो, परंतु पुष्कळदां त्याचें नांव काढून घेतो. गोमंतकांतील शापोऱ्याचा किल्ला आज 'दिल चाहता है' या २००१ च्या चित्रपटाचा किल्ला म्हणूनच कित्येक तरुण ओळखतात. वसईच्या किल्ल्यांतहि चित्रपटवाल्यांचीं यंत्रें अनेकदां गेलीं. परंतु मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं तो घेतला आणि त्यापूर्वीं त्याच वर्षाच्या जानेवारींत तारापूरच्या वेढ्यांत बाजी भिवराव पडला, हें किती प्रेक्षकांस ठाऊक असेल? आम्ही स्वतः तारापूरचा किल्ला न पाहतांच पुढें गेलों होतों. कारण तो कोणत्याहि आवडत्या कथेंत नव्हता.

कोणी म्हणेल, चित्रकथा नसती तर तुम्ही घराबाहेरच पडलां नसतां. हें आम्हांस मान्य आहे. चित्रकथेनें आम्हांस दारापर्यंत आणलें, हा तिचा उपकार. दार उघडून आंत जाणें हें आमचें काम.

आणि या कामास आतां विलंब परवडणारा नाहीं. डहाणू व तारापूर यांच्या दरम्यान वाढवण येथें ७६,२२० कोटी रुपये खर्चाचें बंदर योजिलें असून ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्याचा पायाभरणी समारंभ झाला. बंदरानें रोजगार मिळेल, असें कित्येकांस वाटतें. मासेमारी बुडेल, या भीतीनें कोळी बांधव त्यास विरोध करीत आले आहेत. या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु आज दिसणारा किनारा तसाच राहणार नाहीं, हें उघड आहे. म्हणून विद्यार्थिबंधूंस व भगिनींस आमची विनंति आहे कीं, प्रत्येकानें आपल्या आजीआजोबांस विचारून गांवांतील आळ्या, पाडे, विहिरी व होड्या लावण्याच्या जागा यांचीं नांवें एका वहींत लिहून काढावीं. पालकांस विनंति एवढीच कीं, सहलीस जातांना म्हाताऱ्या माणसांनीं सांगितलें तेथें मोटार थांबवावी.

परततांना तारापूरजवळ आमची मोटार पुनः थांबली. या वेळीं आजोबांनीं सांगितलें नव्हतें, आम्हीं सांगितलें. अंधार पडला होता आणि केंद्राचे दिवे लागले होते. आजोबा आळीच्या टोंकापासून एकेक घर सांगत गेले आणि आम्ही पेट्रोलच्या पावतीच्या पाठीवर लिहून घेत गेलों. सतरा घरें झालीं आणि कागद संपला. आजोबा म्हणाले, "अजून समुद्राकडची ओळ राहिली." पुढील सुटींत आम्ही वही घेऊन जाणार आहों.