आययूआय : कोणासाठी आणि किती वेळा?

‘दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल आहेत,’ हे ऐकून खरे तर हायसे वाटायला हवे. पण वर्ष-दोन वर्षे प्रयत्न करूनही दिवस न राहिलेल्या जोडप्याला हेच वाक्य सर्वांत जास्त छळते. बीज दर महिन्याला तयार होते, गर्भनलिका मोकळ्या आहेत, वीर्यतपासणीतही खोट नाही. मग अडते कुठे? याला कारण न सापडलेले वंध्यत्व म्हणतात. कारण नाही असे नव्हे, आजच्या तपासण्यांना ते दिसत नाही इतकेच.

अशा जोडप्यांना बहुधा आधी ‘आययूआय’ सुचवले जाते. बीजवाढीसाठी गोळ्या, सोनोग्राफीने बीजावर लक्ष, आणि बीज फुटण्याच्या सुमारास पतीचे धुऊन घेतलेले, चांगली हालचाल असलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडणे. भूल लागत नाही, काही मिनिटांत काम होते आणि खर्च आयव्हीएफच्या तुलनेत फारच कमी. पण सोपे आहे म्हणून उपयोगाचे आहे का?

स्कॉटलंडमधील ५८० स्त्रियांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत काहीच उपचार न केलेल्या गटात १७ टक्के, नुसत्या गोळ्या घेतलेल्या गटात १४ टक्के आणि गोळ्यांविना आययूआय केलेल्या गटात २३ टक्के स्त्रियांना मूल झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मग २०१८ मध्ये न्यूझीलंडमधील २०१ जोडप्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. तिथे गोळ्यांसह आययूआयच्या तीन चक्रांत ३१ टक्के जोडप्यांना मूल झाले, नुसती वाट पाहणाऱ्यांत ९ टक्के.

दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. न्यूझीलंडमध्ये आययूआयला गोळ्यांची जोड होती आणि जोडपीही नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता कमी असलेलीच निवडली होती. म्हणजे पंचविशीतल्या, वर्षभरच प्रयत्न केलेल्या जोडप्याला अजून थोडे थांबायला सांगणे हाही उपचारच आहे. सासूबाईंना तो पटवणे अवघड, ही गोष्ट वेगळी! पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला मात्र ‘बघू पुढच्या वर्षी’ सांगणे परवडणारे नाही.

गोळ्यांऐवजी हार्मोनची इंजेक्शने दिली तर यश वाढते, पण त्याची किंमत असते. अमेरिकेत ९०० जोडप्यांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंजेक्शनांच्या गटातील गर्भधारणांपैकी ३२ टक्के जुळ्या किंवा त्याहून अधिक होत्या. ‘एका खर्चात दोन मुले’ असे कौतुकाने म्हणणाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अतिदक्षता विभाग एकदा पाहावा. बीजे जास्त वाढली तर ते चक्र रद्द करणारा डॉक्टर पैसे वाया घालवत नसतो.

आणि किती वेळा? न्यूझीलंडचेच आकडे उलटे वाचा : तीन चक्रांनंतरही तीनपैकी दोन जोडप्यांना मूल झाले नाही. तीन-चार चक्रांनंतर थांबून फेरविचार करणे ही सर्वसाधारण शिफारस आहे. सहा-आठ वेळा तेच करत राहण्यात पैशांपेक्षा स्त्रीच्या वयाची वर्षे खर्ची पडतात. उलट, पहिल्याच भेटीत थेट आयव्हीएफचे पॅकेज पुढे करणाऱ्या केंद्राला ‘आधी आययूआय का नको?’ असे विचारायला कचरू नये.

प्रक्रियेनंतर पंधरा दिवस अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नाही. रोजची कामे करता येतात. २०२१ च्या कायद्यानुसार केवळ आययूआय करणाऱ्या केंद्रालाही नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा प्रमाणपत्र पाहायला मागा. शुक्राणू ‘निवडून’ मुलगा होईल असे कोणी सुचवले, तर तो गर्भलिंग निवडीचा गुन्हा आहे. तिथून उठून यावे.