शीव गोठली, माणसे फडात

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरीच्या दर्शनासाठी लाखो भाविक लोटतात. या यात्रेकरूंची नोंद येरमाळ्याच्या लोकसंख्येत होत नाही आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांचे घर, शिवार आणि कुलदैवत याच कळंब तालुक्यात आहे, अशा ऊसतोड कुटुंबांचीही नोंद त्यांच्या गावात होत नसेल, तर त्याला काय म्हणावे?

जनगणनेची पहिली पायरी माणसे मोजण्याची नसते, सीमा निश्चित करण्याची असते. जिल्हा, तालुका, महसुली गाव, नगर आणि त्याखाली प्रगणकाला वाटून दिलेला गट, अशी ही उतरंड असते. गणनेच्या काळात तिच्यात फेरफार होऊ नये, यासाठी सीमा गोठविल्या जातात. ही शिस्त आवश्यक आहे. १९८१ ची गणना झाली आणि १५ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. त्यानंतर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करायची तर सारी मांडणी नव्याने करावी लागली. मात्र या शिस्तीचेही हसे झालेच. २०२१ च्या गणनेसाठी सीमा गोठविण्याची तारीख प्रथम ३१ डिसेंबर २०१९ होती. ती पुढे ढकलता ढकलता ३० जून २०२४ पर्यंत नेण्यात आली, गणना मात्र झालीच नाही! आता १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकासाठी सीमाबदलाची अखेरची तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठरविण्यात आली.

जमिनीवरच्या रेषांची एवढी काळजी वाहणारे शासन त्या रेषेआतल्या माणसांविषयी मात्र उदासीन आहे. गणनेच्या संपूर्ण कालावधीत जो घरापासून दूर असेल, तो जेथे आढळेल तेथेच मोजावा, असा नियम आहे. २०११ मध्ये हा कालावधी ९ ते २८ फेब्रुवारी होता. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. बीड-धाराशिवचा मजूर तेव्हा बायकापोरांसह सांगली-कोल्हापूरच्या नाही तर कर्नाटकाच्या फडात, पाचटाच्या कोपीत असतो. तो मोजला गेलाच, तर कारखान्याच्या गावात मोजला जातो. ते गाव हंगाम संपताच त्याला विसरते. स्वतःच्या गावाच्या दप्तरात मात्र त्याच्या दाराला कुलूप!

कोठेही मोजला तरी देशाची बेरीज तीच राहते, असा युक्तिवाद यावर केला जातो. दिल्लीत बसून तो पटतोही. पण ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागा देशाच्या बेरजेवर ठरत नाहीत, गावाच्या आकड्यावर ठरतात. कोयता घेऊन जाणारा समाज बहुतांशी भूमिहीन किंवा अल्पभूधारक, त्यातही मागास जातींचा. प्रतिनिधित्वाची गरज ज्याला सर्वाधिक, त्याचाच आकडा परगावी जमा होतो.

गाव कोणते आणि नगर कोणते, हे ठरविण्याची कसोटीही पाहावी. किमान ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोक आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असतील, तर ते गाव जनगणनेच्या लेखी नगर ठरते. पुरुषांपैकी! शेतात दिवसभर राबणारी आणि फडात पहाटेपासून मोळ्या वाहणारी स्त्री या हिशेबात नाहीच. येरमाळ्यासारखी गावे सोलापूर–धुळे महामार्गाच्या कडेने कितीही पसरली, तरी त्यांचे स्वरूप ठरणार ते केवळ पुरुषांच्या व्यवसायावरून.

या वेळी चूक पकडण्याची एक संधी मात्र आहे. घरयादीच्या टप्प्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा कालावधी ठरला, प्रत्यक्ष शिरगणतीसाठी फेब्रुवारी २०२७. पहिल्या टप्प्यात ऊसतोड कुटुंब आपल्या घरी असते, दुसऱ्यात नसते. दोन्ही याद्या घरागणिक ताडून पाहाव्यात आणि उन्हाळ्यात उघडे असलेले जे घर माघात बंद आढळेल, त्या कुटुंबाची हंगामी स्थलांतरित म्हणून मूळ गावाच्या नावे स्वतंत्र नोंद व्हावी. ग्रामसेवकाला ही घरे ठाऊक असतात, कारखान्यांच्या मुकादमांकडे मजुरांच्या याद्या असतात. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वीच, टोळ्या निघण्याआधी, अशी यादी ग्रामसभेत वाचून घ्यावी आणि तहसीलदारांच्या हाती ठेवून पोच घ्यावी.